एआयने वेगळे केलेले ट्रॅक घेऊन उपासनेच्या गाण्यांचं मिक्सिंग शिकता येतं का?

शेवटचा_बाक

जय ख्रिस्त सगळ्यांना. थोडं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या चर्चमधे रविवारी मागे बसून साउंड मी बघतो. शिकलेलो वगैरे काही नाही, आधीचे काका मुलाकडे राहायला गेले आणि "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना" म्हणून मिक्सर माझ्या गळ्यात पडला. हॉल लहान, दीडेकशे माणसं, वर पत्रा. स्टेजवर पेटी, तबला, सणाला ढोलकी, कीबोर्ड, गिटार आणि गाणारे चार-पाच जण. मिक्सर एक्सआर-१८, टॅबलेटवरून चालवतो.

अडचण अशी की मला सरावाला जागाच नाही. गाणारे शनिवारी सराव करतात, वादक घरी करतात, मी मात्र थेट उपासनेत, सगळी मंडळी समोर बसलेली असताना. एखादा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) जरा हलवून बघावा म्हटलं की पहिल्या बाकावरच्या आजी मान वळवून माझ्याकडे बघतात.

म्हणून घरी एक उद्योग सुरू केला. गाण्यातले आवाज वेगळे करणारं अल्टिमेट व्होकल रिमूव्हर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते टाकलं, त्यात डेमक्स नावाचं एआय मॉडेल निवडलं, आम्ही नेहमी गातो त्या गाण्यांच्या सीडी होत्या त्या त्याला दिल्या, की गायन, ड्रम, बेस आणि बाकीचं अशा चार फायली बाहेर येतात. त्या रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधे घेऊन हेडफोन लावून मिक्स करत बसतो. मजा येते, आणि खरं सांगायचं तर घरी सगळं छानच वाजतं, काहीही केलं तरी छानच. आणि रविवारी परत तेच, पेटी बोंबलते, शब्द कळत नाहीत, ताईंचा आवाज एका ओळीला अंगावर येतो आणि पुढच्या ओळीला गायब.

तर या सरावाचा काही उपयोग आहे का मी उगाच वेळ घालवतोय? कोणी केलंय का असं?

काळी_पाच

राम कृष्ण हरी माऊली. आमचं भजनी मंडळ आहे, पण दुखणं तेच.

आधी ती मॉडेलं काय ऐकून मोठी झाली ते बघा म्हणजे बरंच कोडं सुटेल. डेमक्स मेटाच्या लोकांनी बनवलं, तसलंच स्प्लीटर डीझर या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीने २०१९ मधे फुकट सोडलं. या क्षेत्रात सगळ्यांची परीक्षा ज्याच्यावर होते तो मूसडीबी-१८ नावाचा संच म्हणजे १५० गाणी, बहुतेक सगळी पाश्चात्त्य पॉप-रॉक, आणि प्रत्येक गाण्याचे भाग चारच, गायन ड्रम बेस आणि उरलेलं. म्हणजे मशीनच्या जगात वाद्यं इतकीच. पेटी तबला त्याला माहीतच नाही, ते बिचारं असेल त्या खणात कोंबून मोकळं होतं.

आता तबल्याचं काय होतं ते मी कानाने तपासलंय. डग्ग्याचा "घे", त्यातून मनगटाने घिस्सा मारला की सूर सरकतो, ते मशीनला बेस गिटार वाटतं आणि ते बेसच्या फायलीत जातं. "ना", "ट" असे कडक बोल ड्रममधे. "तिं" आणि "तूं" सुरात गुंजतात, त्यांची सुरुवात ड्रममधे आणि शेपूट "बाकीचं" मधे. एकच तबला, तीन फायलीत तुकडे. पखवाजाचंही तसंच, धूम एकीकडे आणि शाईचा बोल दुसरीकडे. टाळांची कथा अजून वेगळी, गाणाऱ्याच्या स आणि श च्या आसपास जी वरची किणकिण असते ती थोडी गायनाच्या फायलीत चिकटून येते.

आणि पेटी! पेटीवाला गाणाऱ्याच्या मागे मागे तेच सूर वाजवतो, तिथे मशीन पार गोंधळतं. आलाप थांबला की पेटी "बाकीचं" मधे स्वच्छ ऐकू येते, आवाज सुरू झाला की तिचा काही भाग गायनात शिरतो. तुम्ही गायन वर करता तेव्हा पेटीही थोडी वर येते, तुमच्या लक्षात येत नाही एवढंच.

एक सोपी युक्ती सांगतो. ज्या गाण्यात बेस गिटार आणि ड्रमसेट दोन्ही नाहीत, फक्त पेटी-तबला आहे, तिथे ड्रम आणि बेसच्या फायली एकत्र करून एकच ट्रॅक करा, जवळजवळ अख्खा तबला मिळतो. चार ऐवजी तीन ट्रॅक राहतात पण तिन्ही खरे वाटतात. कीबोर्डवर बेस वाजवलेला असेल तर मात्र हे विसरा.

वायर_गुंडाळा

काळी पाच दादांनी वाद्यांचं बरोबर सांगितलं, मी मिक्सरच्या बाजूने सांगतो. तीसेक वर्षं भाड्याचा साउंड घेऊन फिरलोय, लग्न, कीर्तन, ख्रिसमसचे कार्यक्रम, निवडणूक, सगळं.

शेवटचा बाक भाऊ, घरी काहीही केलं तरी छान वाजतं म्हणता ना, त्यातच उत्तर आहे. चारही फेडर शून्य डीबीवर, म्हणजे आवाज ना वाढवलेला ना कमी केलेला, असे ठेवा आणि प्ले करा. काय ऐकू येतं? मूळ गाणं. चार फायलींची बेरीज जवळपास मूळ गाणंच असतं. म्हणजे कोणीतरी स्टुडिओत बसून त्या गाण्याचं मिक्सिंग आधीच करून ठेवलंय, लहान-मोठा आवाज सारखा करायला कॉम्प्रेसर लावलाय, घुमण्यासाठी रिव्हर्ब घातलाय, वर शेवटच्या मास्टरिंगमधला, आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारा लिमिटर, आणि तुम्ही त्यात दोन-तीन डीबी इकडेतिकडे करताय. ते बिघडणार कसं.

पटत नसेल तर नुसती गायनाची फाइल सोलो करून, म्हणजे बाकीच्या बंद ठेवून, ऐका. शब्द संपल्यावर मागे जी लांबण राहते ती स्टुडिओतली आहे, ती तुम्हाला काढता येत नाही. जोरदार ठोका असेल तिथे नीट कान द्या, आवाज किंचित दबलेला सापडेल, तो लिमिटर. तबला आता त्या फायलीत नाही पण त्याने मारलेला दणका राहिलाय.

आता रविवारचं बघा. ताई पहिली ओळ माइक ओठाला लावून गातात, दुसऱ्या ओळीला डोळे मिटून मान मागे, आवाज अर्धा होतो. पेटीचा माइक पेटी कमी आणि शेजारचा तबला जास्त ऐकतो. तबला स्पीकरमधून जेवढा येतो तेवढाच नुसता हवेतून पहिल्या पाच बाकांपर्यंत येतो, तो फेडर खाली करून कमी होत नाही. आणि वर पत्रा. यातलं एकही तुमच्या चार फायलीत नाही.

म्हणजे वेळ वाया असं नाही म्हणत मी. गायन आणि पेटी यांच्यात कोण पुढे, किती पुढे, कडव्यात तबला कुठे बसतो आणि ध्रुवपदाला कुठे येतो, हा कान त्याने तयार होतो, चांगला होतो. पण गेन (माइकचा आवाज मिक्सरमधे शिरताना किती वाढवायचा ते) कसा लावायचा, शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माइकमधे शिरला की होते ती) कुठे वाजते, एका माइकमधे दुसरं वाद्य शिरतं तेव्हा काय करायचं, हे त्यातून या जन्मात येणार नाही.

शून्य_डीबी

मी स्टुडिओत काम करतो आणि मला हे प्रकरण उपयोगाचं नाही, तोट्याचं वाटतं. वेगळ्या केलेल्या फायलीत खराबी असते, सगळ्या एकत्र वाजतात तेव्हा ती एकमेकींखाली झाकली जाते. एक वर केली किंवा ३-४ किलोहर्ट्झला उचलली की पाण्यातून आल्यासारखा आवाज सुरू होतो. नवीन माणूस ती खराबी दुरुस्त करायला ईक्यू (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) फिरवत बसतो आणि त्यालाच ईक्यू समजतो. खऱ्या माइकवर असला आवाज कधी येतच नाही. चुकीच्या रोगावर औषध शिकतोय तो.

त्यापेक्षा केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या साइटवर खरे मल्टिट्रॅक (प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घेतलेली रेकॉर्डिंग) शिकण्यासाठी फुकट ठेवलेत, ते घ्या. कच्चे आहेत, माइकमधून आले तसे.

शेवटचा_बाक

@शून्य_डीबी ते बघितले सर, चांगलेच आहेत पण तिथला सगळा भर गिटार-ड्रमच्या बँडवर. मला पेटी-तबल्याचा कान हवाय. इंग्रजी वर्शिपचे मल्टिट्रॅक विकत पण मिळतात, आमच्याकडे तसलं एखादंच गाणं होतं, बाकी सगळी 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली.

@वायर_गुंडाळा काका, शून्यावर ठेवून ऐकलं. खरंच मूळ गाणं. डोक्यात प्रकाश पडला एकदम.

वसईची_अल्टो

मी मिक्सिंग करत नाही, आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमधे) क्वायरमधे गाते आणि कीबोर्डवाल्याच्या शेजारी उभी असते, पण या फायलींचा मला जो उपयोग झाला तो इथे कोणी सांगितलाच नाही म्हणून लिहिते.

गायनाची फाइल बंद करून नुसतं बाकीचं ऐकायचं. कोणतं वाद्य कुठे थांबतं हे तेव्हा कळतं. आम्ही मिस्सामधे (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) गातो तेव्हा सगळेजण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत सुटतात, कीबोर्डवाला दोन्ही हातांनी, गिटारवाला सगळ्या तारा, पेटी पण आहेच. रेकॉर्डिंगमधे पहिल्या कडव्याला कीबोर्ड नुसता एक सूर धरून बसला होता! तबला दुसऱ्या कडव्याला आला. साउंडवाल्या दादांना दोष देण्यात अर्थ नाही, एकाच जागेत चार वाद्यं घुसली तर ते तरी कोणाला बाजूला काढणार. आम्ही पाळीपाळीने वाजवायला लागलो तेव्हा आपोआप शब्द ऐकू यायला लागले, मिक्सरला हात न लावता.

एक शंका, मुख्य गायक आणि मागचा कोरस वेगळा करता येतो का? मला माझी अल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची, ओळ ऐकायची असते.

काळी_पाच

@वसईची_अल्टो ताई, येतो काही प्रमाणात. त्याच अल्टिमेट व्होकल रिमूव्हरमधे कराओके नावाची मॉडेलं आहेत, आधी चार भाग करून घ्या मग नुसती गायनाची फाइल त्या कराओके मॉडेलला द्या, मुख्य आवाज एकीकडे आणि मागचे दुसरीकडे येतात. मुख्य गायक मधोमध आणि कोरस डावी-उजवीकडे पसरलेला असेल तर छान जमतं. आमच्या भजनात बुवा आणि टाळकरी सगळे एकाच सुरात, एकाच माइकच्या भोवती, तिथे ते हात टेकतं. तुमच्याकडे वेगवेगळ्या सुरावटी आहेत म्हणजे बरं जमावं.

वायर_गुंडाळा

अल्टो ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. निम्मं मिक्सिंग स्टेजवरच होतं.

शून्य डीबी म्हणतात ती भीती खरी आहे, पण उपाय आहे. फायली सुधारायच्या नाहीत, बिघडवायच्या. आमच्या पोरांना मी हेच करायला लावतो. जोडीदार पाहिजे. एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने फेडर कसेही टाकायचे, पेटी दहा डीबी वर, गायनाला २५० हर्ट्झला भरपूर फुगवटा, तबल्यावर नको तेवढा रिव्हर्ब, एखादा ट्रॅक चक्क म्यूट. मग मोबाईलवर तीन मिनिटं लावायची आणि प्ले. तीन मिनिटांत गाणं जागेवर आणायचं, थांबवायचं नाही, मागे घ्यायचं नाही, सोलो दाबायचा नाही. उपासना कुठे थांबते का? पहिला हात कुठे जातो ते बघायचं. नवी पोरं कमी आहे ते वर करतात, मग दुसरं वर, मग तिसरं, शेवटी सगळंच वर आणि मास्टरचा मीटर लाल. जुना माणूस आधी जास्त आहे ते खाली घेतो.

दोन गोष्टी पाळा. हेडफोन काढून एकच स्पीकर लावा, मोनो, कारण तुमच्या हॉलमधे पण शेवटी सगळ्यांना मोनोच ऐकू येतं. आणि यूट्यूबवरून उतरवलेली फाइल घेऊ नका, दाबून बारीक केलेल्या आवाजात वरचा भाग आधीच गेलेला असतो, तो वेगळा करताना अजून फाटतो. सीडी आहेत तुमच्याकडे, उत्तम.

आता गेन आणि शिट्टीचं. त्याला पण या फायली वापरता येतात, लोकांना सुचत नाही. हॉलची चावी एका संध्याकाळसाठी मागून घ्या. ताई जिथे उभ्या राहतात तिथे त्यांच्या तोंडाच्या उंचीवर एक छोटा स्पीकर स्टँडवर लावा, त्यातून नुसती गायनाची फाइल सोडा, माणूस गातो तेवढ्याच आवाजात. समोर तुमचा नेहमीचा माइक. झाली तुमची गायिका उभी, कितीही वेळ गाते, चहा मागत नाही. आता शून्यापासून गेन लावा, मीटर सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास येऊ द्या. मग माइक हळूहळू मागे घ्या, दोन बोटांवरून वीतभर, आवाज किती पडतो बघा, आणि तेवढा फेडरने भरून काढायला गेलात की शिट्टी कुठे वाजते बघा. ती कोणत्या फ्रिक्वेन्सीला वाजते ते कानाने ओळखायचा प्रयत्न करा, आधी अंदाज सांगायचा मग अॅनालायझर बघायचा. नंतर बाकीचे चार माइक नुसते उघडे टाका, कोणी गात नसताना. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधीची जागा ३ डीबीने कमी होते, हे वाचून कळत नाही, तिथे उभं राहिलं की कळतं. आणि कळलं की रविवारी जो गात नाही त्याचा माइक बंद करायची सवय आपोआप लागते.

शून्य_डीबी

स्पीकरला माइक लावायची कल्पना आवडली. यात रेकॉर्डिंगमधला रिव्हर्ब नडतो म्हणून जमलं तर एखादं कोरडं, साधं गायलेलं गाणं निवडा. बाकी माझं मत कायम, चार फायलींवर ईक्यू शिकू नका.

कलम_बावन्न

कायद्याचं कोणी विचारलं नाही पण मी सांगणार :)

घरी शिकण्यासाठी स्वतःच्या सीडीचे ट्रॅक वेगळे केले तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मधे खासगी वापरासाठी रास्त वापराची सोय आहे, त्यात बसवता येतं. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं गायलं किंवा वाजवलं तर त्यालाही त्याच कलमात वेगळी सूट आहे. पण त्या फायली ग्रुपवर टाकणं, ड्राइव्हची लिंक वाटणं, किंवा आमच्या एका ओळखीच्या ठिकाणी करतात तसं गायन काढून टाकलेला ट्रॅक मागे लावून त्याच्यावर गायचं आणि ते यूट्यूबवर चढवायचं, हे त्यात येत नाही. मूळ रेकॉर्डिंग ओळखणारी यंत्रणा तिथे असतेच. तेवढं सांभाळा.

शेवटचा_बाक

पाळकसाहेबांकडून चावी घेतली आणि काकांनी सांगितलं तसं स्पीकर लावून केलं. माझ्याबरोबर कीबोर्डवाला होता, तो सारखा "अजून किती वेळ" करत होता. आमच्याकडे शिट्टी दोन ठिकाणी वाजते, एक अडीच किलोहर्ट्झच्या जवळ आणि एक खाली तीनशेच्या आसपास, ती खालची पेटीच्या माइकमुळे. पेटीचा माइक मॉनिटरच्या (स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरच्या) तोंडासमोर होता, तो मॉनिटर फिरवला. म्हणजे पेटी बोंबलत होती त्यात पेटीवाल्या मामांचा काही दोष नव्हता, इतके दिवस त्यांनाच "हळू वाजवा" म्हणत होते सगळे.

आता पुढचा प्रश्न. एक्सआर-१८ ला यूएसबी आहे त्यातून सगळे चॅनल वेगवेगळे लॅपटॉपवर येतात म्हणे. ते केलं तर एआयची गरजच राहणार नाही ना?

वायर_गुंडाळा

येतात. १८ येतात आणि १८ परत पण पाठवता येतात. रीपरमधे १८ ट्रॅक आर्म करा, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार ठेवा, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट या दर्जाला तासाला सव्वानऊ-साडेनऊ जीबी जागा लागते, डिस्क रिकामी ठेवा. यूएसबीला जाणारा सिग्नल प्रीअँपच्या (गेन जिथे लागतो त्या भागाच्या) पुढे पण ईक्यू-कॉम्प्रेसरच्या आधी घ्यायचा, म्हणजे कच्चा मिळतो. नंतर चॅनलचा इनपुट माइकऐवजी यूएसबीवर फिरवला की रविवारची अख्खी उपासना बुधवारी मिक्सरवर परत वाजते, स्टेजवर कोणी नसताना. पेटीच्या माइकमधला तबला, ताईंची मान मागे, सगळं जसंच्या तसं.

फक्त एक लक्षात ठेवा, तिथेही गेन शिकता येत नाही, कारण तो रेकॉर्डिंगच्या आधीच लागून गेलाय. आणि वाजवताना माइक जिवंत नाहीत म्हणून शिट्टी नाही. त्यामुळे स्पीकरवाला प्रकार सोडू नका. आणि एआयच्या फायली कानाच्या सरावाला राहू द्या, एक गाणं रोज, तीन मिनिटं.

काळी_पाच

मग एक सुचवू का. असे पेटी-तबल्याचे कच्चे मल्टिट्रॅक शिकणाऱ्यांना सहज सापडत नाहीत ही सगळ्यांचीच तक्रार. आम्ही तुकोबांचा एखादा अभंग पारंपरिक चालीत रेकॉर्ड करून टाकतो, तुम्ही तुमचं टाका. कॉपीराइटचं कलमवाले सांगतील.

कलम_बावन्न

तुकोबांचा प्रश्नच नाही. चर्चवाल्यांनी नारायण वामन टिळकांचं पद घ्यावं, टिळक १९१९ मधे गेले, आपल्याकडे आता लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे शब्द केव्हाच मोकळे झालेत. चाल मात्र जुनी पारंपरिकच घ्या, अलीकडे कोणी बांधलेली असेल तर तिचा हक्क वेगळा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सगळ्यांची लेखी परवानगी घ्या, एका कागदावर सह्या पुरतात.

शेवटचा_बाक

टिळकांची पदं आमच्याकडे जवळजवळ दर रविवारी असतात, चाल पण आजीच्या वेळची. विचारतो टीमला. ताई हो म्हणतील, पेटीवाले मामा आता माझ्यावर खूश आहेत. तबलजी म्हणतील माझ्या चुका जगभर ऐकवणार का.

वसईची_अल्टो

त्यांना म्हणावं चुका राहू द्या, मिक्स करणाऱ्यांना तेवढाच सराव. आणि कोरसचे माइक प्लीज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, एकत्र करून टाकू नका.

वायर_गुंडाळा

आणि फायलींना नावं देताना "ऑडिओ ०१, ऑडिओ ०२" नको. पेटी, डग्गा, तबला, ताई, असं लिहा. सगळ्या फायली एकाच जागेपासून सुरू करून एक्स्पोर्ट करा, नाहीतर उघडणाऱ्याच्या पेटीचं आणि तबल्याचं भांडण लागतं.